ओबोवादकाच्या हातातली सुरी

ओबो वाजवणे आणि ओबो शिकवणे हा माझा व्यवसाय आहे असे सांगितले की पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात. ते वाद्य नेमके कोणते, हा पहिला. आणि दिवसातून किती तास रियाज करता, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. ओबो हे सनईच्या दूरच्या नात्यातले, काळ्या लाकडाचे, सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीचे आणि आतून निमुळती पोकळी असलेले वाद्य आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ते मधोमध बसते आणि कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी बाकीची वाद्ये त्याच्या स्वरावर लावली जातात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मात्र मी घुटमळते, कारण माझ्या कामाच्या तासांपैकी बऱ्याच तासांत वाद्य पेटीत असते आणि हातात असते ती सुरी. ओबोवादकाच्या कारकिर्दीविषयी लिहायचे तर त्या सुरीपासूनच सुरुवात करणे मला रास्त वाटते.

ओबोचा आवाज लाकडातून नव्हे, तर त्याच्या टोकाला बसवलेल्या दुहेरी रीडमधून, म्हणजे फुंकल्यावर थरथरणाऱ्या दोन पातळ पात्यांमधून जन्मतो. ही रीड अरुंडो डोनॅक्स या उंच, पोकळ कांड्यांच्या गवतापासून बनते. जगभरचे ओबोवादक ज्या कांड्यांना मान देतात ती प्रामुख्याने दक्षिण फ्रान्समधल्या व्हार या भागात वाढतात. कापणीनंतर कांडी दीर्घकाळ वाळवली जातात, आणि त्यांतून १० ते ११ मिलिमीटर व्यासाचे, सरळ, निर्दोष तुकडे वेचले जातात. तुकडा उभा चिरून आतून कोरला की मध्यभागी त्याची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर उरते. मग त्याला आकार द्यायचा, मधोमध दुमडायचा आणि स्टेपल नावाच्या, बुडाशी बूच असलेल्या धातूच्या बारीक नळीवर नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट बांधायचा. इथपर्यंतचे काम सरावाने जमते. खरी परीक्षा यापुढे सुरू होते, कारण बांधलेल्या रीडचे टोक उघडून दोन्ही पाती सुरीने तासायची असतात, आणि टोकाशी तर काही शतांश मिलिमीटरचाच हिशेब उरतो. सुरीचा एक फेरा जास्त झाला तर रीडचा कस जातो. एक कमी पडला तर मंद्रातले स्वर बोलत नाहीत.

इतके करून हाती आलेली रीड किती टिकते? चांगली रीड रोजच्या वापरात काही दिवस उत्तम वाजते, आणि मग तंतू थकतात, टोक मिटू लागते, स्वर सपाट होतो. म्हणून कार्यरत ओबोवादकाच्या डबीत एकाच वेळी वेगवेगळ्या वयाच्या रीड असतात: एक नुकती बांधलेली, एक अर्धवट तासलेली, एक ऐन भरात आलेली आणि एक केवळ सरावापुरती उरलेली. हवा कोरडी झाली, पाऊस सुरू झाला, किंवा कार्यक्रम समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचीवरच्या गावी असला, तर कालपर्यंत गुणी असलेली रीड अनोळखी वागू लागते. शिवाय प्रत्येक रचनेची मागणी वेगळी असते. लांबलचक, गात जाणाऱ्या एकल भागासाठी जी रीड योग्य असते ती मंद्रातल्या हळुवार स्वरांनी सुरू होणाऱ्या दुसऱ्या ओबोच्या भागासाठी निरुपयोगी ठरू शकते. विकतच्या रीड मिळतात, आणि नवशिक्यांना त्यांच्यावरच भागवावे लागते. पण व्यावसायिक वादकांपैकी बहुतेक जण स्वतःच्या रीड स्वतः बनवतात, कारण आपल्या ओठांची ठेवण, आपले वाद्य आणि आपल्या कानाला हवा असलेला नाद यांचा मेळ दुसऱ्याच्या हातून क्वचितच बसतो. व्हायोलिनवादक मित्रांना माझ्या टेबलावरचा तासलेल्या काड्यांचा कचरा पाहून करमणूक वाटते, आणि मला त्यांचा हेवा वाटतो. दोन्ही भावना जुन्या आहेत आणि आता त्यांत कटुता उरलेली नाही.

रीडचे तोंड अगदी अरुंद असते, आणि त्यामुळे श्वासाचा प्रश्न ओबोत उलटा होतो. बासरीवादकाला हवा कमी पडते. ओबोवादकाची हवा संपत नाही, ती आतच कोंडून शिळी होते. फुप्फुसे भरलेली असतात, पण त्या हवेतला प्राणवायू कमी झालेला असतो, आणि शरीर घाबरून नव्या श्वासाची मागणी करू लागते. म्हणून ओबोवादकाला आधी श्वास सोडायला आणि मग घ्यायला शिकावे लागते, आणि कित्येकदा एका विरामात केवळ सोडून, पुढच्या विरामात घ्यायचे असे नियोजन करावे लागते. जर्मन संगीतकार शुमानने १८४९ मध्ये लिहिलेले तीन ‘रोमान्स’ या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत, कारण त्यांत विश्रांतीच्या जागा जवळजवळ नाहीतच. संगीतकार रिचर्ड श्ट्राउसच्या ओबो कॉन्चेर्टोच्या, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेच्या, सुरुवातीलाही वादकाला पन्नासहून अधिक बार (तालाचे विभाग) जवळपास अखंड वाजवत राहावे लागते. अशा रचना शिकवताना मी विद्यार्थ्याकडून स्वरलेखनाच्या कागदावर दोन वेगळी चिन्हे करून घेते, एक श्वास सोडण्यासाठी आणि एक घेण्यासाठी. पहिले काही आठवडे त्याला हे अनावश्यक वाटते, आणि मग एके दिवशी तिसऱ्या पानावर डोके गरगरले की तो पेन्सिल शोधू लागतो.

व्यवसाय म्हणून ओबोकडे पाहिले तर सर्वांत आधी दिसते ती जागांची टंचाई. मोठ्या सिंफनी वाद्यवृंदात व्हायोलिनवादक तीसच्या आसपास असतात. ओबोवादक मात्र तीन किंवा चार, त्यांतला एक सहसा कॉर आंग्ले (ओबोच्याच कुळातले मोठे वाद्य) वाजवणारा. प्रथम ओबोवादकाची खुर्ची एकदा भरली की ती दशकानुदशके भरलेलीच राहते. मार्सेल ताब्यूतो फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात १९१५ ते १९५४ पर्यंत प्रथम ओबोवादक होते. शिकागोच्या वाद्यवृंदात रे स्टिल १९५३ ते १९९३ अशी चाळीस वर्षे होते, आणि त्यांतली जवळजवळ सगळी प्रथम ओबोच्या खुर्चीवर. क्लीव्हलंडमध्ये जॉन मॅक १९६५ ते २००१ पर्यंत होते. हे आकडे त्या वादकांच्या थोरवीची साक्ष देतात. पण त्याच शहरात त्या काळात तयार झालेल्या दुसऱ्या एखाद्या गुणी ओबोवादकाच्या बाजूने पाहिले तर त्यांचा अर्थ वेगळा होतो. त्याच्या उमेदीच्या सगळ्या वर्षांत ती जागा एकदाही रिकामी झालेली नसते. संगीत महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणारे विद्यार्थी आणि रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या यांचे प्रमाण जुळण्याची शक्यता नाही, आणि हे सत्य विद्यार्थ्यांपासून लपवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

जागा रिकामी झाली की ऑडिशन होते. अनेक वाद्यवृंदांत निदान पहिल्या फेऱ्यांमध्ये उमेदवार पडद्यामागे बसतो, म्हणजे परीक्षकांना केवळ आवाज ऐकू येतो. वाजवायचे उतारे जगभर बरेचसे सारखे असतात. मोझार्टच्या सी मेजर कॉन्चेर्टोचा आरंभ, बीथोव्हनच्या तिसऱ्या सिंफनीतली शवयात्रा, ब्राम्सच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचा दुसरा भाग, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीतले दुसऱ्या भागाचे गीत, रोसिनीच्या ‘ला स्काला दि सेता’ची चपळ प्रस्तावना, आणि राव्हेलच्या ‘ल तोंबो द कूपरँ’चे ते प्रेल्यूद, ज्यात बोटे आणि जीभ दोघांचीही झोप उडते. यातले बहुतेक उतारे एक-दोन मिनिटांचे असतात. ब्राम्सच्या त्या दुसऱ्या भागात ओबो सुरुवातीची संपूर्ण चाल गातो आणि एकल व्हायोलिनवादक तोवर नुसता उभा असतो. प्रख्यात व्हायोलिनवादक सारासाते याने हे कॉन्चेर्टो न वाजवण्याचे कारण म्हणून हाच मुद्दा सांगितला होता असे म्हणतात. आख्यायिका खरी असो वा नसो, ती मला विद्यार्थ्यांना सांगायला आवडते, कारण त्या पडद्यामागे बसलेल्या उमेदवाराला आपल्या हातातली चाल कोणाला तरी हेवा वाटण्याजोगी आहे याची आठवण राहिली तर बिघडत नाही.

खुर्ची मिळाल्यावरचे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा बरेच अधिक सामूहिक असते. ‘ए’ देणे, म्हणजे ज्यावर सगळी वाद्ये लावली जातात तो स्वर देणे, हा त्यातला सर्वांत दृश्य आणि सर्वांत सोपा भाग. ४४० हर्ट्झ असो वा काही वाद्यवृंदांत प्रचलित असलेले ४४२, टेबलावरचे यंत्र पाहून तो स्वर स्थिर धरता येतो. ओबोला हा मान मिळण्याचे कारणही व्यावहारिक आहे, कारण त्याचा स्वर गर्दीतून स्वच्छ ऐकू येतो आणि चटकन बदलता येत नाही, त्यामुळे इतरांनी त्याच्याकडे येणेच सोयीचे. त्यानंतरचे काम मात्र कोणतेही यंत्र करून देत नाही. शेजारच्या बासरीशी आणि मागच्या क्लॅरिनेट-बसूनशी मिळून स्वरगुच्छ वाजवताना, आपला स्वर त्या गुच्छात तिसरा आहे की पाचवा, हे जाणून तो केसभर खाली किंवा वर ठेवावा लागतो. दुसऱ्या ओबोवादकाबद्दल तर कोणी लिहीतच नाही. पहिल्याच्या खाली राहून, त्याच्याच नादाशी नाद मिळवून, वाद्याच्या सगळ्यांत अवघड टोकाशी, म्हणजे मंद्रातल्या सी, बी आणि बी फ्लॅटवर, अत्यंत हळू आवाजात अचूक वेळी सुरुवात करणे ही जी कला आहे ती मला प्रथम ओबोच्या कित्येक एकल भागांपेक्षा कठीण वाटते. कॉर आंग्ले हे ओबोपेक्षा पाच स्वर खाली बोलणारे भावंड; ड्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीतल्या लार्गो या संथ भागामुळे ते श्रोत्यांना ठाऊक असते, आणि ज्याच्याकडे ते असते त्याला त्याच्यासाठी वेगळ्या मापाच्या रीड बनवाव्या लागतात, म्हणजे टेबलावरचा पसारा दुप्पट.

आता शिकवण्याकडे येते. संगीतशिक्षक होणे ही वादकाची पडती बाजू, म्हणजे खुर्ची मिळाली नाही म्हणून पत्करलेली सोय, असे अनेकांना वाटते. ओबोचा इतिहास पाहिला तर हे मत टिकत नाही. विसाव्या शतकातल्या ओबोवादनाचा मोठा भाग एका शिक्षकाच्या वर्गातून आला आहे. जॉर्ज जिले हे पॅरिस कॉन्झर्व्हात्वार या संगीत महाविद्यालयात १९१९ पर्यंत सुमारे चार दशके ओबोचे प्राध्यापक होते. त्यांचे विद्यार्थी जॉर्ज लाँजी बॉस्टन सिंफनीत प्रथम ओबोवादक झाले आणि त्यांनी १९१५ मध्ये बॉस्टनमध्ये स्वतःची संगीतशाळा काढली. त्यांच्यानंतर त्याच खुर्चीवर जिले यांचे पुतणे फेर्नां जिले आले. आणि जिले यांचेच दुसरे विद्यार्थी मार्सेल ताब्यूतो १९०५ मध्ये अमेरिकेत गेले, पुढे फिलाडेल्फियात स्थिरावले, आणि १९२४ मध्ये स्थापन झालेल्या कर्टिस इन्स्टिट्यूट या तिथल्याच संगीतसंस्थेत शिकवू लागले.

ताब्यूतो यांच्याविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. त्यांनी रीड तासण्याची जी पद्धत रूढ केली तिच्यात सुरी टोकापासून खूप मागेपर्यंत चालते, म्हणून तिला लांब तासणी म्हणतात. युरोपातली पद्धत प्रामुख्याने आखूड तासणीची. लांब तासणीच्या रीडचा नाद गडद आणि एकसंध येतो, आखूड तासणीचा अधिक मोकळा आणि लवचीक, असा ढोबळ भेद सांगता येईल, जरी चांगल्या वादकाच्या हाती हा भेद पुसट होतो. नुसती रीड ओठांत धरून फुंकली असता जो करकरीत ध्वनी निघतो त्याला ओबोवादक ‘क्रो’ म्हणतात, आणि लांब तासणीच्या परंपरेत तो ध्वनी ‘सी’ या स्वराच्या सप्तकांत यावा अशी अपेक्षा असते. परंतु ताब्यूतो यांचे खरे देणे मला त्यांच्या आकड्यांत दिसते. संगीतवाक्यातल्या प्रत्येक स्वराला ते एक आकडा देत, जेणेकरून तीव्रता कुठे वाढते, कुठे टिकते आणि कुठे उतरते हे विद्यार्थ्याला भावनेच्या मोघम भाषेऐवजी मोजता येण्याजोग्या पायऱ्यांत कळावे. ही पद्धत यांत्रिक आहे असा आक्षेप घेतला जातो, आणि वाईट शिक्षकाच्या हाती ती तशी होतेही. पण ‘अधिक भावपूर्ण वाजव’ या सूचनेने आजवर एकाही विद्यार्थ्याचे वादन सुधारलेले मी पाहिलेले नाही, तर ‘हा स्वर चार, पुढचा पाच, आणि पाचवर पोहोचण्यापूर्वी घाई करू नकोस’ असे सांगितल्यावर तासाभरात वाक्य उभे राहिलेले अनेकदा पाहिले आहे. ताब्यूतो ओबोवाल्यांनाच शिकवत असत असेही नाही. इतर फुंकवाद्यांचे समूह आणि तंतुवाद्यांचे विद्यार्थीही त्यांच्या वर्गात बसत.

त्यांच्या शिष्यांची यादी म्हणजे अमेरिकन वाद्यवृंदांच्या प्रथम ओबोंची यादीच आहे. हॅरल्ड गॉम्बर्ग न्यू यॉर्क फिलहार्मॉनिकमध्ये, त्यांचे बंधू राल्फ गॉम्बर्ग बॉस्टन सिंफनीत, जॉन मॅक क्लीव्हलंडमध्ये, आणि जॉन द लान्सी फिलाडेल्फियात, थेट गुरूच्याच खुर्चीवर. द लान्सी यांची एक हकिकत या व्यवसायाची घडण सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, ते अमेरिकन सैनिक म्हणून दक्षिण जर्मनीत असताना त्यांची रिचर्ड श्ट्राउसशी भेट झाली. ओबोसाठी कॉन्चेर्टो लिहिण्याचा विचार कधी केला आहे का, असे त्यांनी विचारले, आणि श्ट्राउसने ‘नाही’ एवढेच उत्तर दिले. त्यानंतर काही महिन्यांतच कॉन्चेर्टो लिहून झाले, आणि त्याचा पहिला प्रयोग फेब्रुवारी १९४६ मध्ये झ्युरिकला मार्सेल साये यांनी केला. अमेरिकेतला पहिला प्रयोग द लान्सी यांनी करावा अशी श्ट्राउसची इच्छा होती. पण ते तेव्हा फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदात नव्याने आलेले कनिष्ठ वादक होते, आणि प्रथम ओबोच्या खुर्चीवर ताब्यूतो होते. प्रयोगाचा मान शेवटी बाहेरच्याच एका ओबोवादकाकडे गेला. ज्याच्या प्रश्नातून रचना जन्मली त्याला ती क्रमवारीमुळे वाजवता येऊ नये, हे वाचून माझे विद्यार्थी संतापतात. मी त्यांना एवढेच सांगते की १९५४ मध्ये ताब्यूतो निवृत्त झाल्यावर ती खुर्ची द लान्सी यांनाच मिळाली, आणि १९७७ पासून १९८५ पर्यंत ते कर्टिस इन्स्टिट्यूटचे संचालक होते.

माझ्या स्वतःच्या शिकवण्याचा आवाका अर्थातच याहून फार लहान आहे. त्यात विविध वयांचे विद्यार्थी आहेत, आणि त्यांतले बहुतेक जण व्यावसायिक वादक होणार नाहीत. ओबो फार लहानपणी सुरू करता येत नाही. बोटे भोकांवर आणि चाव्यांवर पोहोचायला हवीत, ओठांच्या स्नायूंत बळ हवे, आणि वाद्यातून परत येणारा दाब सोसण्याइतकी छाती हवी. पहिल्या तासाला मी वाद्य हातात देतच नाही. नुसती रीड भिजवून, ओठ दातांवर हलके वळवून, तिच्यातून एक स्थिर ध्वनी काढायचा, आणि तो जिभेच्या टोकाने तोडायचा. मग लांब स्वर: अगदी हळू सुरू करून, फुलवून, पुन्हा शून्यापर्यंत नेणे, आणि या सगळ्या प्रवासात स्वराची उंची हलू न देणे. पुढे बारे आणि फेर्लिंग या एकोणिसाव्या शतकातल्या ओबोवादकांच्या अभ्यासमाला येतात, ज्या आजही जवळपास प्रत्येक ओबोवादकाच्या कपाटात असतात, आणि ज्यांतल्या संथ धड्यांना जलद धड्यांपेक्षा जास्त वेळ द्यावा असे माझे ठाम मत आहे. जलद बोटे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत कोणालाही मिळवता येतात. संथ चालीत रस टिकवणे ज्याला तोवर जमले नाही त्याला पुढे ते फार महागात पडते.

एकट्या ओबोसाठी लिहिलेल्या रचनाही मी लवकर हाती देते. इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटनने १९५१ मध्ये लिहिलेल्या ‘सिक्स मेटामॉर्फोसेस आफ्टर ओव्हिड’ या सहा छोट्या रचनांत पियानोचा आधार नसतो, त्यामुळे विराम किती लांब ठेवायचा हा निर्णय विद्यार्थ्यालाच घ्यावा लागतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला इटालियन संगीतकार बेरिओने १९६९ मध्ये ओबोवादक हाइंत्स होलिगर यांच्यासाठी लिहिलेली ‘सेक्वेंत्झा सात’ आहे, ज्यात ‘बी’ हा एकच स्वर पार्श्वभूमीला सतत धरलेला असतो आणि वादक त्याभोवती वाद्याच्या शक्यता उकलत जातो. ही रचना मी शिकवलेली नाही, केवळ ऐकवते.

शिक्षकाचे उत्पन्न अनियमित असते हे सांगण्यात नवल नाही. शाळांच्या सुट्ट्यांत तास बंद होतात, परीक्षांच्या दिवसांत पालक तास पुढे ढकलतात, आणि वाद्यवृंदाच्या सरावाचे वेळापत्रक नेमके शिकवण्याच्या संध्याकाळीच येते. बाहेरून बोलावून घेतल्या जाणाऱ्या वादकाला होकार देण्यासाठी फार तर काही तास मिळतात, आणि एकदा नकार दिला की पुढचा फोन दुसऱ्याला जातो, म्हणून बहुतेक जण आधी हो म्हणतात आणि मग विद्यार्थ्यांना कळवतात. शाळेत नोकरी असेल तर ओबोबरोबर बासरी, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनही शिकवावा लागतो, आणि क्लॅरिनेटच्या सैल ओठांनंतर आपले ओबोचे ओठ पुन्हा जुळवायला वेळ लागतो. तरीही सलग तीन तास शिकवून झाल्यावर स्वतःचा रियाज करायला बसले की एखादे दिवशी मंद्रातले ते अडेलतट्टू ‘सी’ सहज बोलते, कारण दुसऱ्याला त्यासाठी घसा मोकळा ठेवायला सांगता सांगता माझाही मोकळा झालेला असतो.

या व्यवसायाचे भांडवल शरीर आहे, आणि त्यातही तोंडाचा एक लहानसा भाग. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे लिओन गूसेन्स. १८९७ मध्ये लिव्हरपूलला जन्मलेल्या या वादकाने विशीच्या आतच लंडनच्या क्वीन्स हॉल वाद्यवृंदात प्रथम ओबोची जागा मिळवली, १९३२ मध्ये वाद्यवृंद-संचालक बीचम यांनी स्थापन केलेल्या लंडन फिलहार्मॉनिकमध्ये तो पहिल्यापासून होता, आणि लंडनच्या दोन मोठ्या संगीत संस्थांत त्याने शिकवले. त्याच्या नादामुळे इंग्लंडमधले संगीतकार ओबोकडे नव्याने पाहू लागले. व्हॉन विल्यम्सचे ओबो कॉन्चेर्टो आणि ब्रिटनचे ‘फँटसी क्वार्टेट’ त्याच्यासाठीच लिहिले गेले. १९६२ मध्ये मोटार अपघातात त्याच्या ओठांना आणि दातांना गंभीर इजा झाली. वय पासष्ट; कोणीही म्हटले असते की आता पुरे. गूसेन्सने ओठांची नवी ठेवण शोधून काढली, वाद्य जवळजवळ पहिल्यापासून शिकला, आणि पुन्हा मंचावर आला. दातांचे मोठे काम करून घ्यावे लागलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण सांगते, पण जपून, कारण दिवसाचे सगळे तास रीड आणि आरसा घेऊन बसण्याची मुभा प्रत्येकाला नसते.

अपघात न होताही शरीर झिजतेच. ओबोवादक बसतो तिथे मागून ट्रंपेट आणि ट्रोंबोन येतात, आणि वर्षानुवर्षे तो आवाज कानावर आदळत राहतो. कानात बोळे घालावेत तर ओबोचे कंपन दातांतून आणि हाडांतून थेट कानात चढते, बोळ्यांमुळे ते आत घुमू लागते, आणि आपलाच स्वर आपल्याला परका ऐकू येतो. त्यामुळे अनेक ओबोवादक बोळे एकाच कानात घालतात किंवा पितळी वाद्यांचा गदारोळ सुरू होण्याच्या बेतात हळूच बसवतात. वाद्यही म्हातारे होते. आफ्रिकन ब्लॅकवुडचा नवा ओबो पहिल्या काही महिन्यांत थोडा थोडाच वाजवावा लागतो, नाहीतर आतली ओल आणि बाहेरची थंडी यांच्या ताणाने वरच्या सांध्याला तडा जातो, आणि बऱ्याच वर्षांच्या वापरानंतर पोकळीची मापे बदलून नादातला जोम ओसरतो. म्हणून प्रथम ओबोवादक सहसा काही वर्षांनी वाद्य बदलतात, आणि त्यांची जुनी वाद्ये त्यांच्या विद्यार्थ्यांकडे जातात.

एका बाबतीत मात्र मी विद्यार्थ्यांशी आणि पालकांशी वाद घालायला तयार असते. नवशिक्याला रीड मी देते, आणि त्या मी माझ्या स्वतःच्या रीडइतक्याच काळजीने तासते, कारण वाईट रीडवर सुरुवात करणाऱ्या मुलाला वाटते की आपल्यातच काही उणीव आहे. काही वर्षांनी, विद्यार्थी वाद्यवृंदात किंवा महाविद्यालयात जायचे म्हणू लागला, की मी त्याला सुरी देते, तिला धार लावायला शिकवते, आणि आधी नुसते बांधणे, मग टोक, मग मागचा भाग, या क्रमाने तासणे सुरू होते. त्यानंतर एका ठरलेल्या तारखेला माझ्या रीड बंद होतात. पुढचे काही महिने त्याचे वादन ऐकवत नाही. आतापर्यंत स्वच्छ येणारे स्वर फाटतात, मंद्र बोलत नाही, आणि तालीम ऐकणारे घरचे लोक मला फोन करून विचारतात की मुलगा मागे का जातो आहे, आणि परीक्षेपुरती एक रीड द्यायला काय हरकत आहे. मी देत नाही. परीक्षेत गुण कमी पडले तरी चालतील असे मी आधीच सांगून ठेवलेले असते, आणि हे ज्यांना मान्य नसेल त्यांनी माझ्याकडे येऊ नये असेही. विद्यार्थ्याने आणलेली रीड मी वाजवून पाहते, ती कुठे जाड आहे आणि कुठे टेकू गेला आहे ते पेन्सिलीने कागदावर काढून दाखवते, पण सुरी त्याच्याच हातात राहते. जो हा काळ पार करतो त्याची रीड माझ्यापेक्षा वेगळी वाजते, कधी उजळ, कधी माझ्या कानाला थोडी उथळ. आणि ती माझ्यासारखी करण्याचा आग्रह मी आता धरत नाही.